मनोहररावांचं ऑटोमॅटिक

वल्लरी वर्गात झोपते, याबद्दल कॉलेजची फारशी तक्रार नव्हती. मार्च महिन्यात, दुपारी दोन वाजता, तापलेल्या पत्र्याखाली अकरावी सायन्सच्या वर्गात जागं राहणं हे मुलांचं कर्तव्य असलं तरी सवय कोणालाच नव्हती. तक्रार अशी होती की कॉलेज सुटलं तरी ती उठली नाही. शिपाई नत्थूजींनी बाहेरून कडी लावली, कुलूप घातलं, सायकल काढली. फाटकापर्यंत पोचतात तोच आतून कोणीतरी विचारलं, "मे आय गो आउट, सर?"

नत्थूजींची नोकरी अठ्ठावीस वर्षांची. इतक्या नम्रपणे त्यांची परवानगी आजवर कोणी मागितली नव्हती. त्यांनी कुलूप उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना, मनोहररावांना, सेलूच्या कॉलेजात बोलावणं आलं.

मनोहररावांचं वावर सेलूपासून चार किलोमीटरवर, नाल्याच्या काठाला. तीन एकर ओलित. त्यात पालक, वांगी, मेथी आणि सांबार. पुण्याकडचे लोक या सांबाराला कोथिंबीर म्हणतात आणि सांबार म्हटलं की इडली शोधतात; त्याला इलाज नाही. यंदा मनोहररावांचा सांबार असा आला होता की वाफ्याजवळून जाणारी म्हैससुद्धा थांबून वास घ्यायची. बाजाराच्या दिवशी तो काढायचा होता. आणखी आठवडाभर त्याला फक्त पाणी पाहिजे होतं.

एक पालक येतोच आहे तर सगळेच बोलवावे, असा विचार वर्गशिक्षक ज्ञानेश्वर सरांनी केला होता. त्यामुळे मनोहरराव पोचले तेव्हा वर्गात बाकावर पंचवीस-तीस आई-बाप गुडघे दुमडून बसले होते. शेजारी गावातलाच बाबाराव होता. त्याचा पोरगा साकेत याच वर्गात.

"या वयात मुलांना आठ-नऊ तास झोप लागते," सर सांगत होते. "रात्री फोनचा उजेड डोळ्यात गेला की मेंदूला वाटतं, अजून दिवसच आहे. मग तो झोपच पाठवत नाही. मनोहरराव, तुमच्याकडे झोपण्याची वेळ काय?"

मनोहरराव उभे राहिले. दुपट्टा खांद्यावर नीट केला.

"मी नवाले झोपतो सर, साडेपाचाले उठतो. मधात भूकंप झाला तं मले पेपरातून कळते."

"तुमची नाही. मुलीची."

"ते मले कसं माईत राहीन? मी झोपून राह्यतो ना."

वर्ग हसला. बाबारावने संधी घेतली. "याचं काय सर, याच्या वावरात ऑटोमॅटिक हाये. आमची झोप तं ह्या लाइनच्या रातपाळीनं खाल्ली."

हे खरं होतं. मोटरपंपाची वीज एक हप्ता दिवसा येते, एक हप्ता रात्री. रात्रीच्या हप्त्यातही ती एकदा येऊन थांबत नाही. येते, जाते, पुन्हा येते, आणि दर वेळी विहिरीवर जाऊन मोटर लावावी लागते. सारं गाव रात्री बॅटरी घेऊन धुऱ्याधुऱ्याने, बांधाबांधावरून, फिरायचं. मनोहररावांनी मात्र मागच्या दिवाळीत स्टार्टरला एक नवा डब्बा बसवून घेतला होता. तेव्हापासून त्यांची मोटर आपली आपण लागायची. सकाळी वावरात जावं तर वाफे भरलेले. हा डब्बा त्यांनी पारावर इतक्या वेळा वर्णन करून सांगितला होता की लोक त्यांना दुरून पाहून उठून जात.

"यंत्र घ्याले डोकं लागते, बाबाराव," ते म्हणाले. मग सरांकडे वळले. "सर, आजपासून पोरीचा फोन पेटीत. शेवटला पेपर होयेपर्यंत पेटीच्या बाहेर निघाला, तं मी इथं येऊन सगळ्यायच्या पुढं कान धरून उभा राहीन."

सरांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्या की माणूस आपल्या शब्दाशी बांधला जातो. मनोहरराव घरी येईपर्यंत तीन जणांना हा शब्द सांगून आले.

"आण तो फोन," त्यांनी अंगणात पाय धूत असतानाच फर्मावलं.

वल्लरीने फोन दिला. डोळे लाल, खाली काळी वर्तुळं, केसांना दोन दिवस कंगवा नाही. "बाबा, फोन ठेवा तुमी. पन राती जवा लाइन–"

"एक शब्द नाई!"

"अवो, पोरगी काय म्हनते ते तं आयका," चुलीपाशी बसलेली मनकर्णा म्हणाली.

"तू मधात पडू नको. बारा दिवस या घरात फोन हा शब्द काढाचा नाई. कोनीच. समजलं?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "समजलं," मनकर्णा म्हणाली आणि भाकर उलटली.

फोन पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली गेला. मनोहररावांनी कुलूप घातलं, जेवले आणि नवाला झोपले.

साडेदहाला पेटी वाजायला लागली.

पत्र्याची पेटी असल्याने आवाज असा निघाला जणू आत बॅन्डवाले कोंडलेत. मनोहरराव दचकून उठले. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो कोणत्याही बापाच्या येतो: सोळा वर्षांच्या पोरीला या वेळी कोणाचा फोन? पेटी उघडून त्यांनी आत तोंड घातलं, फोन कानाला लावला आणि होती नव्हती तेवढी जरब आवाजात आणली.

"कोन बोलून राह्यला बे?"

"नमस्कार," एक बाई गोड आवाजात म्हणाली. "थ्री फेज वीज उपलब्ध आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

मनोहररावांची जरब जरा खाली आली. बाईमाणूस होतं. "कोनत्या गावच्या तुमी? एवढ्या राती काय काम हाय?"

"मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही तीच बाई! मागच्या महिन्यात पोस्टातल्या महादेवरावांना असाच गोड आवाजात फोन आला होता. दोन दाबा म्हणाली, त्यांनी दाबलं, आणि पेन्शन गेली. फोनवर कोणी दाबायला सांगितलं तर दाबू नये, असं बँकेतल्या पोराने साऱ्या गावाला बसवून शिकवलं होतं. त्या दिवशी मनोहरराव पहिल्या रांगेत होते.

"दाबीन कायले?" ते पेटीत ओरडले. "मले काय महादेवराव समजली का? एकबी दाबत नाई, दोनबी दाबत नाई. पोलिसात देईन! जा, झोप घरी!"

त्यांनी फोन बंद केला. साफ बंद, बटन दाबून धरून. शालू वर टाकला. पोरीला एका संकटातून आणि घराला दुसऱ्या संकटातून वाचवल्याच्या समाधानात त्यांना फार चांगली झोप लागली.

सकाळी वावरात वाफे कोरडे होते.

"लाइन आली नसन," ते म्हणाले. दुसऱ्या सकाळीही कोरडे. शेजारच्या वावरात बाबारावची वांगी मात्र घोटाभर पाण्यात उभी होती आणि बाबाराव पाण्याच्या दांडाजवळ बसून जांभया देत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी सांबाराने माना टाकल्या. कडेची पानं पिवळी पडली. वाफ्याला बोटाएवढ्या भेगा गेल्या. मनकर्णा आणि वल्लरीने विहिरीतून दोराने बादल्या ओढून दोन वाफे ओले केले. तोवर दोघींच्या तळहाताचं कातडं निघालं. वल्लरीचा परवा केमिस्ट्रीचा पेपर होता. ती बादली ओढता ओढता सूत्रं म्हणत होती.

मनोहरराव डब्ब्यासमोर उभे होते. त्यांनी त्याला वरून थापटलं, बाजूने थापटलं, अगरबत्ती लावली. लाल दिवा लागायचा, विझायचा.

"का झालं गा ऑटोमॅटिकले?" बाबाराव धुऱ्यावरून म्हणाला. "दमलं वाट्टे?"

"सेटिंग बदलून राह्यलो."

"सांबाराची बी सेटिंग बदलली वाट्टे. पयले वर पाहे, आता खाली पाह्यते."

उरलेला सांबार चार दिवस तगला तर बाजार दिसणार होता, नाहीतर म्हशीला वैरण. तेवढ्यात धुऱ्यावरून मोटरसायकल आली. तिच्यावर निशांत होता; डब्बा बसवणारा सेलूचा मेकॅनिक.

"तुले कोनं बोलावलं?"

"काकूनं. काकू म्हने, तुमच्या घरी एक शब्द बोलाची बंदी हाये, तो माह्याकडून बोलून घ्याचा हाये." निशांतने डब्बा उघडला, आत पाहिलं, पुन्हा बंद केला. "काका, डब्बा तं ठणठणीत हाये. त्यानं तीन दिवसांत चाळीस वेळा फोन लावला. तुमी उचलूनच नाई राह्यले."

"मले कायचा फोन?"

"तुमाले नाई. वल्लरीले. बसवला तवा मी नंबर इचारला, तं तुमी निंबाखाली चहा पिऊन राह्यलते. तिनं आपला सांगितला. लाइन आली का डब्बा तिले फोन करते, ते एक दाबते, मंग मोटर लागते. लाइन गेली, आली, का पुन्हा."

मनोहररावांचा हात डब्ब्यावरच राहिला. "म्हंजे हे आपल्या मनानं लागत नाई?"

"आपल्या मनानं कोनती मोटर लागते, काका?"

"तू तं म्हनला होता ऑटोमॅटिक!"

"तिथं जाऊन बटन दाबा लागत नाई, म्हून ऑटोमॅटिक. पन दाबाले कोनी तं जागं लागते ना!"

धुऱ्यावर बाबाराव खाली बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट, मग आवाज आला. "म्हंजे मनोहर," तो डोळे पुसत म्हणाला, "तुहं ऑटोमॅटिक अकरावीत हाय!"

हे वाक्य त्याच संध्याकाळी पारावर पोचलं, आणि तिथून मनोहररावांच्या आधी घरी.

घरी मनकर्णा मेथी निवडत होती, वल्लरी पुस्तकात डोकं घालून बसली होती. मनोहरराव पाय न धुता ओसरीवर टेकले.

"सांगतलं काऊन नाई मले?"

"तीनदा तोंड उघडलं," मनकर्णा म्हणाली. "तुमी तीनदा बंद केलं."

"आता नाई म्हनत मी. दिवाळीपासून!"

"दिवाळीपासून तुमी पारावर त्या डब्ब्याचं कीर्तन करून राह्यले. कीर्तनात मधात कोन बोलते?"

मनोहरराव पोरीकडे वळले. "मोटरीसाठी जागत होती, तं झोपेचं खोबरं झालं ते मोटरीनं. मंग सर म्हनतात ते फोनचं काय?"

वल्लरी खरं बोलणारी पोरगी होती. त्याचा तिला आजवर फारसा फायदा झाला नव्हता. "दोनी बी हाये, बाबा. लाइन साडेदहाले येते, मंग बाराले जाते, मंग एकले येते. मधात काय भिंतीकडे पाहू? म्हून रील पाहो. मैत्रिनी बी जाग्याच राह्यत, त्यायच्याशी बोलो. मंग दिवसपाळीचा हप्ता आला तरी डोया लागेच नाई."

"म्हंजे रातपाळीच्या हप्त्यात मोटर, अन् दिवसपाळीच्या हप्त्यात सवय."

"हो."

पोरीवर रागवावं तर सांबार आडवा येत होता, आणि न रागवावं तर सर. शेवटी मनोहरराव म्हणाले, "तो नंबर काढ. माहा टाक."

इथे अडचण निघाली. मागोमाग घरी आलेला निशांत म्हणाला, नंबर बदलायचा तर जुन्या फोनवरून मेसेज पाठवावा लागतो. आणि फोन तर पेटीबाहेर काढायचा नव्हता. पंचवीस-तीस आई-बापांसमोर दिलेला शब्द. ज्ञानेश्वर सर समजून घेतील, असं मनकर्णा म्हणाली. पण समजून घेणाऱ्यांमध्ये बाबारावही बसला असणार, हे मनोहररावांना दिसत होतं.

"फोन निघनार नाई," ते म्हणाले. "निशांत, तू आत जा."

शालू बाजूला झाला. निशांत गुडघ्यावर बसून छातीपर्यंत पेटीत गेला. वल्लरीने बाहेरून मजकूर सांगितला, मनकर्णाने बॅटरी धरली, मनोहररावांनी झाकण डोक्यावर पडू नये म्हणून धरलं. आतून निशांत म्हणाला, "काका, नेटवर्क नाई पेटीत." मग चौघांनी पेटी उचलून अंगणात नेली. मेसेज गेला. फोन पेटीबाहेर आला नाही.

त्या रात्री साडेदहाला मनोहररावांच्या बटनांच्या फोनवर बाईंचा पहिला फोन आला. त्यांनी उठून बसून, टोपी घालून तो घेतला.

"नमस्कार," बाई म्हणाल्या.

"नमस्कार बाई. परवा जरा जास्तच बोललो. मानू नका."

"मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

त्यांनी दाबलं. बाराला लाइन गेली, एकला आली, बाई आल्या. दोनला गेली, सव्वादोनला आली; बाई आल्या. साडेतीनलाही आल्या. सकाळी वाफे भरले होते आणि मनोहररावांच्या डोळ्यांत मिरची पडल्यासारखं झालं होतं.

पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता येणार नाही. दाढी करताना गालावर साबण लावून ते आरशासमोर पाऊण तास बसून राहिले. साबण वाळून पापुद्रे पडले तेव्हा मनकर्णाने हलवलं. बैलाच्या गोठ्यात उभ्या उभ्या झोपले. बैल जागा होता. एक ते सव्वादोनच्या मधल्या वेळात झोप येईना म्हणून आपल्या फोनमधला तो साप दाणे खात लांब होतो तो खेळ खेळू लागले, आणि एका रात्री मनकर्णाने डोळे किलकिले करून पाहिलं तर नवरा अंधारात, चेहऱ्यावर निळा उजेड घेऊन पुटपुटत होता, "वळ ना बे, वळ!"

"कोनाशी बोलून राह्यले?"

"मोटरीचं पाह्यतो."

सांबाराने मान वर केली. कडेचे दोन वाफे गेले ते गेलेच, बाकीचा बाजाराला निघाला. बाजारात मनोहररावांनी पोतं अंथरलं, जुड्या रचल्या, आणि पहिल्या गिऱ्हाइकाने मेथी मागितल्यावर पालक दिला. दुसऱ्याला काहीच दिलं नाही, कारण जुडी हातात धरून ते झोपले होते. शेजारी टमाटे विकणाऱ्या कौशल्याबाईंनी त्यांच्या वतीने अर्धा माल खपवला.

"भाऊ, तब्येत बरी नाई का?" त्यांनी विचारलं.

"बरी हाये. वावराचं पाहा लागते रातचं."

"अन् ते ऑटोमॅटिक?"

"त्याचे पेपर सुरू हायेत," मनोहरराव म्हणाले आणि पुन्हा झोपले.

घरात मात्र काहीतरी भलतंच होत होतं. पहिल्या दोन रात्री वल्लरी कुशी बदलत राहिली. झोपेतसुद्धा तिचा अंगठा गोधडीवर वर-खाली सरकत होता. तिसऱ्या दिवशी ती संध्याकाळी सातला आडवी झाली ती सकाळी सहाला उठली, आणि उठून तिने तीन भाकरी खाल्ल्या. पाचव्या दिवशी तिने वेणी घातली. सहाव्या दिवशी ती मनकर्णाशी भांडली. सातव्या सकाळी गोठ्यात शेण काढताना ती गुणगुणत होती. मनोहरराव दात घासता घासता थांबले. हा आवाज त्यांनी या घरात बरेच दिवस ऐकला नव्हता, आणि ऐकला नव्हता हेही त्यांना आत्ताच कळत होतं.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी त्यांनी पेटी उघडली. फोन दोन्ही हातांवर घेऊन ओसरीवर आले. डोळे खोल गेलेले, पण चेहऱ्यावर बाजारात शिल्लक माल खपवताना येते तशी गोडी.

"घे वल्लू. तुहा फोन. शब्दाचा पक्का हाये मी."

"थांकू बाबा."

"अन् मोटर बी घे. नंबर परत तुहा टाकून घेऊ. तुले सवय हाये."

वल्लरीने फोन घेतला. "मोटर नाई पाह्यजे."

"काऊन? मधात रील पाहाले भेटन. मी काई म्हननार नाई."

"सर म्हनले, बारावीत झोप पाह्यजे."

"सरायचं काय आयकते? ते सायकलनं येतात!" याचा झोपेशी काय संबंध, ते मनोहररावांनाही सांगता आलं नसतं. "बरं, एक रात तू, एक रात मी."

"नाई. फोन राती दहाले मीच पेटीवर ठेवीन. पन मोटर तुमची."

"हे काय, बापालेच अटी?"

वल्लरी हसत होती, पण मग तिचं हसू जरा आत गेलं. "बाबा, दिवाळीपासून मी लावली ना. एक दिवस तरी इचारलं का तुमी, पोरी तुहे डोये लाल काऊन दिसून राह्यले?"

मनोहररावांनी दुपट्ट्याचं टोक उगाच झटकलं. मनकर्णाने ओसरीच्या टोकावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"इचाराचं राह्यलं," ते म्हणाले.

"मंग मोटर तुमची."

"बरं. माही."

पुढचा हप्ता पुन्हा रातपाळीचा आला. मनोहररावांनी आपली बाज ओसरीवरून उचलून अंगणात शेवग्याखाली नेली. मनकर्णाने कारण विचारलं तर म्हणाले, आत गरम होते. साडेदहाला फोन थरथरला. पहिल्या थरथरीलाच त्यांनी तो उचलला आणि घराकडे पाठ केली.

"नमस्कार. थ्री फेज वीज उपलब्ध आहे."

"हो बाई," मनोहरराव कुजबुजले. "दाबतो. जरा हळू बोला, पोट्टी झोपली हाये."

बाईंनी तेच तितक्याच मोठ्याने पुन्हा सांगितलं. मनोहररावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, फोन त्यात दोन वेढे गुंडाळला, आणि कापडावरूनच चाचपत चाचपत एक दाबला.